हाराची जागा

मी चित्रकार आहे, असं मी स्वतःच सांगत आलोय. दुसऱ्या कुणी आपणहून म्हटल्याचं आठवत नाही. बोरिवली पश्चिमेला, भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत, सात बाय नऊ फुटांच्या गाळ्यात मी जवळपास चाळीस वर्षं बसलो. वर पाटी होती, 'फोटोवरून तैलचित्र करून मिळेल'. पाटीवर खोटं काहीच नव्हतं. एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली होती, पण ती लोकांना न लिहिताच कळायची. माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो घेऊन माझ्याकडे कुणी येत नसे.

गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक वेळा मुंडन केलेल्या डोक्याने. 'तेराव्याला लावायचंय' म्हणायचं आणि खिशातून फोटो काढायचं. फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा, पासबुकावरचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला, ज्यात गेलेला माणूस तिसऱ्या रांगेत दुसऱ्याच्या फेट्याआडून अर्धा दिसतोय. त्या अर्ध्याचा मी पूर्ण माणूस करायचो. गोराईच्या एका मच्छीमार कुटुंबाकडे आजोबांचा एकच फोटो होता आणि त्यात ते पाठमोरे होडी ढकलत होते. मी त्यांच्या थोरल्या मुलाला समोर बसवलं, त्याचे केस पांढरे केले आणि सुरकुत्या वाढवल्या. चित्र बघून आजी रडली. मुलगाही रडला, पण त्याचं कारण वेगळं असावं. जिवंत माणूस समोर बसवून काढायचा माझा एवढाच काय तो अनुभव.

धंद्याचे काही नियम होते. कुणी शिकवले नव्हते, माझे मीच लावून घेतले होते. पहिला कोटाचा. वडील जन्मभर गिरणीत बनियनवर राबले असले तरी भिंतीवर ते कोटातच हवे असतात. माझ्या डोक्यात रुंद कॉलरचा एक करडा कोट ठरलेला होता. तोच मी सगळ्यांना चढवला. कोकणातले हिंदू, घाटावरून आलेले बौद्ध, गोराईचे ख्रिस्ती, सगळे एकाच कोटात गेले. बायकांना डोक्यावरून पदर, तोही एकच.

दुसरा नियम नजरेचा. गेलेल्या माणसाने बघणाऱ्याच्या जरा डोक्यावरून बघायचं. थेट बघितलं तर घरच्यांना जेवताना अवघडल्यासारखं होतं.

आणि तिसरा नियम हाराच्या जागेचा. छातीच्या खाली काही काढायचं नाही. तिथे हार येतो. हाराखालचं कुणाला दिसत नाही, वर फुलं सुकून डाग पडतात ते वेगळंच. म्हणून चित्राचा खालचा भाग मी नुसता तपकिरी भरून टाकायचो. त्यामुळे मी रंगवलेल्या एकाही माणसाला हात नाहीत.

चेहऱ्यावरची व्यंगं काढून टाकायची, हा माझा खास मोफत जिव्हाळा. एकदा एका बाईंच्या नवऱ्याच्या गालावरची चामखीळ मी अशीच साफ केली. बाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण हे कोण?" चामखीळ परत बसवून दिली. त्या दिवशी काही शिकायला हवं होतं, पण दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं.

इतकं वाचून वाटेल की या माणसाचा कलेशी काडीचा संबंध नसावा. तसं नाही. मला गुरू होता. तो डेन्मार्कचा होता, मी जन्मायच्या कितीतरी आधी वारला होता, आणि मी त्याला चोरून आणला होता.

चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. त्यात एका पानभर या चित्रकाराने स्वतःचं काढलेलं चित्र होतं. पंचवीस-सव्वीसचा पोरगेला माणूस, जरासा तिरका उभा, मागे खिडकी, डाव्या हातात रंगांची पाटी, उजव्या हातात उचललेला ब्रश. चेहऱ्यावर असा भाव, की तुम्ही न विचारता माझ्या खोलीत शिरलात ते मला आवडलेलं नाही, पण आलाच आहात तर बसा. मी तीन दिवस रोज जाऊन बसलो. चौथ्या दिवशी लायब्ररीयन चहाला गेल्यावर ब्लेडने पान कापलं आणि शर्टाच्या आत घातलं.

पानाच्या मागे त्याची कारकीर्द दिली होती. सुताराचा मुलगा, शिष्यवृत्ती, इटली, परत आल्यावर शहरातल्या मोठमोठ्या लोकांची चित्रं, नाव, मान. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की चाळिशीत असताना त्याने कायमचं सोडून दिलं. काय, ते पुढच्या पानावर. पुढचं पान कॉलेजात राहिलं होतं, आणि तिथे माझ्या ब्लेडची कड दिसत असणार म्हणून मी त्या पुस्तकाच्या वाटेला पुन्हा गेलो नाही.

मी ठरवून टाकलं, चित्रकला सोडली असणार. चित्रकार आणखी काय सोडणार? हे मला फार सोयीचं पडलं. बरोबरची मुलं प्रदर्शनं भरवायला लागली, त्यांची नावं पेपरात यायला लागली, तेव्हा मी गाळ्यात कोट रंगवत मनाशी म्हणायचो, त्या एवढ्या मोठ्या माणसाने सोडली, तिथे आपण कोण. तो अठ्ठाविसाव्या वर्षी इटलीला गेला. मी अठ्ठाविसाव्या वर्षी मुलुंडला गेलो, एका हॉटेलच्या भिंतीवर धबधबा काढायला. धबधब्याच्या खाली हात धुवायचं बेसिन होतं. लोकांना चित्र अगदी खरं वाटायचं.

ते पान मी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. आईने एकदा कपाट उघडल्यावर विचारलं, "ह्यो कोण रे? तुझो मास्तर?"

"होय," म्हटलं.

"मगे हार घाल त्येका. कपाटात कित्याक कोंडून ठेवलंस?"

माझं लग्न झालं तेव्हा बायको अंधेरीला कपडे एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर होती. पुढे तीस वर्षं होती. घर तिच्या पगारावर चाललं. मी घरात चित्रकाराचा रुबाब पुरवला. पाहुणे आले की मी कपाट उघडून पान दाखवायचो आणि म्हणायचो, आमच्या पंथातला माणूस. बायको तेवढ्यात चहा टाकायला उठायची. हे तिला कितव्यांदा ऐकावं लागत होतं, ते ती कधी बोलली नाही.

मुलगी इंजिनिअर झाली आणि जगातले बाकीचे देश सोडून नेमकी कोपनहेगनला नोकरीला गेली. लोक योगायोग म्हणतात. मला वाटतं, शाळेचा गणवेश काढताना दहा वर्षं रोज त्या माणसाचं तोंड बघितल्याचा तो परिणाम. तिकडे गेल्यावर दोन महिन्यांत तिचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, तुझा माणूस सापडला."

ती म्युझियममध्ये उभी होती. तिने फोन फिरवला आणि मला पहिला धक्का बसला. चित्र केवढंसं होतं, आपल्या जेवायच्या ताटाहून थोडं मोठं. मी ते मनात दाराएवढं करून ठेवलं होतं. दुसरा धक्का रंगाचा. माझ्या पानावर त्याचा चेहरा पिवळसर होता आणि तो पिवळा हे त्याचं खास रहस्य, असं समजून मी तो चाळीस वर्षं मिसळत होतो. खऱ्या चित्रात तो चांगला गुलाबी, तरतरीत होता. पान जुनं होऊन पिवळं पडलं होतं, एवढंच. म्हणजे बोरिवली ते गोराईपर्यंतच्या निम्म्या दिवंगतांना मी कावीळ करून ठेवली होती.

"बाबा, आणि ते राहिलेलं वाक्य," मुलगी म्हणाली. ते वाक्य अर्धं राहिल्याचं तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने भिंतीवरची माहिती हळूहळू वाचून मराठीत सांगितली. चाळिशीत त्याने ऑर्डरीवरून लोकांची चित्रं काढून द्यायचं कायमचं सोडलं. त्यानंतर मरेपर्यंत त्याने आपलं घर, बायको, मुलं आणि मधूनमधून स्वतःला रंगवलं.

ज्या माणसाने माझा धंदा सोडला, त्याचं नाव घेऊन मी तो धंदा चाळीस वर्षं केला होता. बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

शेजारच्याच भिंतीवर त्याचं म्हातारपणी काढलेलं स्वतःचं चित्र होतं. टक्कल, पोट, रंगांनी माखलेला ॲप्रन, जाडजूड झालेला हात आणि त्यात तसाच उचललेला ब्रश. त्यात तो जास्त आवडला मला. 'बसा' म्हणत होता, पण आता मनापासून.

तेव्हापासून मुलगी दर उन्हाळ्यात बोलावत होती. या ना दोघं, मी तुला त्याच्यासमोर उभं करते. मी दर वर्षी नवं कारण काढलं. गुडघा, मोतीबिंदू, सोसायटीच्या टाकीची गळती, थंडी. उन्हाळ्यात थंडी कशी, हे तिने विचारलं नाही. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला भीती वाटत होती. त्या चित्रासमोर बायकोला शेजारी घेऊन उभं राहायचं, आणि आमच्या पंथातला माणूस म्हणून जन्मभर जे सांगितलं त्याचा निकाल तिथे तिच्यादेखत लागू द्यायचा, एवढी छाती माझ्यात नव्हती. बायकोचा पासपोर्ट केव्हाच तयार होता. ती तो अधूनमधून ड्रॉवरमधून काढायची, फडक्याने पुसायची आणि परत ठेवायची.

मधे माझा गाळा बंद झाला. फोटो मोठा करून थेट कॅनव्हासवर छापून देणारी मशीनं आली. एका दुपारी मृत्यू, संध्याकाळी चित्र. कोटसुद्धा त्यांच्याकडे चार रंगांत. मी रंगाचं सामान घरी आणून पलंगाखाली सारलं.

गेल्या वर्षी मी पुन्हा गुडघा पुढे केला तेव्हा मुलगी चिडली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे बाबा, येऊ नका. मग तुझं एक चित्र पाठव. तू काढलेलं, तुझं स्वतःचं. माझ्या भिंतीला हवंय."

"फोनमध्ये ढीगभर फोटो आहेत की."

"फोटो नको. आणि आजोबांचं काढलंस तसं काढू नकोस. जिवंत काढ."

आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांचं चित्र आमच्या हॉलमध्ये आहे. जन्म गिरणीत गेला, कोट कधी शिवला नाही, चित्रात अर्थातच कोट आहे. लहान असताना मुलगी विचारायची, आजोबा कुणाकडे बघतायत? मी हसण्यावारी न्यायचो. आता ती फोनवर म्हणाली, "बाबा, मला आजोबांनी खांद्यावर घेऊन फिरवलंय. पण त्यांचा चेहरा आठवायला गेले की तुझं चित्रच आठवतं. खरे आजोबा येतच नाहीत. तुझं तसं झालेलं मला नकोय."

ते बोलणं मला लागलं. माझ्या वडिलांना मी माझ्याच हाताने पुसून टाकलं होतं, आणि वर दर दसऱ्याला हार घालत होतो. मी म्हटलं, काढतो.

कपाटाचं आरशाचं दार खिडकीकडे वळवून मी कॅनव्हास लावला. मे महिना, पश्चिमेची खिडकी, अंगात फक्त बनियन. पोझ ठरलेली होती, जरासं तिरकं, गुरूसारखं. तीन आठवडे मी कुणाला बघू दिलं नाही. खोलीचं दार लावून घ्यायचो आणि अधूनमधून उगाच खाकरायचो, म्हणजे बाहेर कळावं की आत कला चाललीय. शेवटी एका संध्याकाळी चित्र हॉलमध्ये आणून वडिलांच्या चित्राखाली टेकवलं आणि बायकोला हाक मारली.

तिने हात पुसत पुसत बघितलं. "हा कोट कुठून आला?"

मी चित्राकडे बघितलं. माझ्या अंगात करडा कोट होता. तीन आठवडे मी आरशात बनियन बघत होतो आणि हात कोट काढत होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "ते कलात्मक स्वातंत्र्य आहे." ती पोळ्या लाटायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेलो असताना सोसायटीचे सेक्रेटरी गळतीचं बोलायला आले. बायकोने नुकतीच पूजा केली होती, हॉलमध्ये उदबत्तीचा वास होता, आणि जमिनीवर भिंतीला टेकून मी होतो. मी बाथरूममध्ये त्यांचा आवाज ऐकला, एकदम खाली आलेला.

"वहिनी, काय हे? कधी झालं? आम्हाला कळवायचं ना."

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. ते चपला दाराबाहेर काढून, हात जोडून, मान खाली घालून उभे होते. मला बघून त्यांनी हात सोडले, पण लगेच नाही.

"अरे, तू आहेस होय?"

"आहे."

"मग हे काय लावलंयस यार? मला बीपी आहे." ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि गळतीचं न बोलताच निघून गेले.

त्यानंतर बायको हसली. मी तिला इतकं हसताना पुष्कळ वर्षांत बघितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला राग आला. मी म्हटलं, आरसाच खराब आहे, उजेड पश्चिमेचा आहे, कॅनव्हास हलक्या प्रतीचा मिळाला. नाचता येईना अंगण वाकडं, ते पूर्णच्या पूर्ण अंगण मी तिच्यासमोर मांडलं. तिने डोळे पुसले आणि चित्रासमोर खाली बसली.

"त्यांची काय चूक?" ती म्हणाली. "तुम्ही डोक्यावरून कुठेतरी बघताय. आणि हे बघा." तिने छातीखालच्या तपकिरी भागावरून बोट फिरवलं. "स्वतःलासुद्धा हाराला जागा सोडलीत."

मी कपाट उघडलं. पान आता इतकं जुनं झालंय की घड्यांवर फाटलंय. मी पहिल्यांदा तो चेहरा हाताने झाकून खालचा भाग बघितला. जिथे मी जन्मभर हाराची जागा सोडत आलो, तिथे त्या माणसाचे हात होते. एकात रंग, एकात ब्रश. म्हातारपणीच्या चित्रातही तेच. चेहऱ्यामुळे तो चित्रकार वाटतो, असं मी धरून चाललो होतो. चेहरा बघायला गेलं तर कारकुनाचाही तसा असतो.

मी नवा कॅनव्हास लावला, पण मला हात येत नव्हते. कॉलेजात दोन वर्षं शिकवले होते, त्यानंतर एकदाही काढले नव्हते. सगळं सोडून सहासष्टाव्या वर्षी हात काढायला बसायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पहिले पंधरा दिवस जे काही उतरलं ते रताळी होती, बायकोच्या भाषेत बरी रताळी. तरी डावा हात हळूहळू जमला. तो पाटी धरून गप्प राहायचा. अडचण उजव्याची होती. तो चित्र काढत होता. आरशात बघून टिपायला जावं तर तो कॅनव्हासकडे निघालेला असायचा. ब्रश उचलून स्थिर धरावा तर मग काढणार कशाने? फोनवर फोटो काढून त्यावरून रंगवणं सोपं होतं, पण फोटोवरून मी माणसाचं काय करतो ते आता घरात सगळ्यांना माहीत झालं होतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "मी बसू का?"

तिने बांगड्या मागे सारल्या, साडीला रंग लागू नये म्हणून वरून माझा सदरा चढवला आणि बाल्कनीच्या दारात स्टुलावर बसली. मी तिच्या हातात ब्रश दिला. तिने तो खडूसारखा धरला, कापडावर खुणा करायला धरतात तसा. मी म्हटलं, असा नाही धरत, आणि तिची बोटं नीट करून दिली. लगेच तो हात खोटा दिसायला लागला. मग म्हटलं, तुझ्या पद्धतीने धर. ती पुन्हा तसाच धरून बसली आणि हात जिवंत झाला.

मी काढायला लागलो. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण एखादी वस्तू रंगवायला बघतात तसं मी त्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं, दोन पाकळ्या वेगवेगळ्या दिशेला वाढलेल्या.

"हे कधी झालं?"

"पोरगी बालवाडीत होती तेव्हा. मशीनची सुई आरपार गेली होती."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही कुणाच्या तरी तेराव्याच्या घाईत होतात. म्हणालात, हळद लाव."

मला ते आठवत नव्हतं. आठवत नव्हतं याची मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी बराच वेळ रंग मिसळत बसलो. ती म्हणाली, "ते नख नीट करून टाका हं. तुमचा हात आहे ना तो." माझा ब्रश त्या फटीवर टेकलाही होता. एका फटकाऱ्यात झालं असतं, तसे हजार फटकारे मी मारलेत. मग ती चामखीळ आठवली, आणि त्या बाईंचा प्रश्न आठवला. मी नख होतं तसं ठेवलं.

"आणि वर कुठे बघताय?" ती म्हणाली. "डोळे काढताना आरशात बघू नका. माझ्याकडे बघा." म्हणून चित्रातले डोळे कुणाच्या डोक्यावरून बघत नाहीत. अंगात बनियन आहे. खांद्याजवळ त्याला एक भोक आहे, तेही राहू दिलं.

चित्र वाळायला दीड महिना गेला. मुलीची एक मैत्रीण अंधेरीला माहेरी आली होती. परत जाताना तिने ते गुंडाळून नळीतून नेलं. बायकोच्या हाताचं मुलीला सांगायचं नाही, असं मी बायकोला बजावून ठेवलं होतं. कारण साधं होतं, लोकांनी हाताचं कौतुक माझ्या नावावर करावं, अशी इच्छा होती.

रविवारी आमच्याकडे चारचा चहा झाला होता, तिकडे नुकतीच दुपार झाली होती, तेव्हा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन टेबलावर उभा केला होता, आणि चित्र समोरच्या भिंतीला चार टाचण्यांनी लावलं होतं. तिची पाठ आमच्याकडे होती. मी तिचे खांदे बघत बसलो आणि मनात सेक्रेटरींचे जोडलेले हात आले.

"आहेस बाबा," ती शेवटी म्हणाली. "जिवंत आहेस. बनियनमध्ये आहेस."

मी त्या रंगसंगतीबद्दल दोन शब्द बोलायची तयारी केली होती. पण ती पुढे सरकली आणि वाकली. चेहऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती उजव्या हाताच्या अगदी जवळ गेली.

"हे आईचं नख आहे."

मी सांगायला लागलो की आरशात बघून स्वतःचा काढता हात काढता येत नाही, ही जगभरच्या चित्रकारांची अडचण आहे. ती ऐकत नव्हती.

"शाळेत जाताना वेणी घालायची ना, तेव्हा हे केसांत अडकायचं," ती म्हणाली. "रोज ओरडायचे मी तिच्यावर."

तिने आपला तळवा उचलला आणि रंगवलेल्या हातावर ठेवला. तैलचित्राला हात लावू नये, हे मी तिला ती चालायला लागल्यापासून शिकवलंय. या वेळी मी तो हात राहू दिला.

"आलीस आई शेवटी," ती म्हणाली. "बाबाच्या आधी पोचलीस."

बायको माझ्या शेजारी होती. तिने तो हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मी गुडघा, मोतीबिंदू, गळती यांतलं काहीतरी शोधत होतो. सगळी कारणं होती तिथेच होती, पण त्या दोघींसमोर एकही तोंडात येईना. त्या म्युझियममध्ये निकाल लागायचा तो लागो. माझी बायको इतकी वर्षं पासपोर्ट पुसत बसली होती, ती माझ्या भित्रेपणामुळे.

"तिकिटं बघ," मी मुलीला म्हटलं. "दोघांची."

बायको उठली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ती दोन्ही पासपोर्ट घेऊन आली आणि चष्मा लावून तारखा बघायला लागली. तिच्याची मुदत अजून होती. माझ्याची मागेच संपली होती, आणि ते मला सोडून कुणाला माहीत नव्हतं.

"उद्या मार्केटकडे जाऊन फोटो काढून या," ती म्हणाली. "आणि कोट घालू नका."